मुरलेलं द्रावण

आमच्या भावोजींना कारखान्यात सगळे लेपवाले म्हणतात. नवीन माणसाला वाटतं, हे गुडघेदुखीवर काहीतरी चोळून देत असतील. एकदा एका ड्रायव्हरने खरंच शर्ट वर करून पाठ दाखवली होती. भावोजींनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि गंभीरपणे सांगितलं, "मी फक्त नळ्यांना लेप देतो, तोही आतून." ड्रायव्हर जो उठला तो पाठदुखी विसरूनच पळाला.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी त्याच कारखान्यात पॅकिंगला आहे आणि त्यांच्याच इमारतीत एक मजला वर राहते. लग्नाच्या फंदात मी पडले नाही. ताईचा संसार बघूनच माझी हौस फिटली, असं मी तिला चिडवायचे. खरं म्हणजे तो संसार इतका शांत होता की बघण्यासारखं तिथे काही नसायचंच. भावोजी बोलणार मोजकं, चालणार हळू, आणि काही विचारलं की आधी चष्मा पुसणार. माझ्यासारख्या तापट बाईला ते चष्मा पुसणं सहन होत नाही. उत्तर येईपर्यंत मी प्रश्न विसरलेली असते.

त्यांचं काम काय ते मला इतक्यांदा समजावलं गेलंय की आता मी ते झोपेतही सांगेन. जाड दोऱ्याएवढी काचेची नळी, आतून पोकळ, भली लांब, थाळीएवढं वेटोळं करून ठेवलेली. तिच्या आतल्या भिंतीवर पॉलिमरचा पातळ थर द्यायचा. याला कॉलम म्हणतात. हा कॉलम यंत्रात बसवला की एका टोकाने वायूचा झोत सोडतात आणि त्या झोतात तपासायच्या पदार्थाची वाफ. ज्याला तो थर आवडतो तो वाटेत रेंगाळतो आणि उशिरा बाहेर पडतो. ज्याला आवडत नाही तो तडक पुढे येतो. बाहेर येणाऱ्या प्रत्येकाचं पडद्यावर एकेक शिखर उमटतं. यंत्रावर बसणारा गृहस्थ दिवसभर शिखर-शिखर करतो, म्हणून त्याचं नाव शिखरसाहेब पडलंय.

खरी पंचाईत होते ती सारख्या पदार्थांची. एका औषधाच्या कच्च्या मालात असे दोन पदार्थ असतात. अणू तेच, तितकेच, फक्त एकाची फांदी इकडे आणि दुसऱ्याची तिकडे. एक औषधात हवा, दुसरा मुळीच नको. साध्या कॉलममधून दोघं गळ्यात गळा घालून बाहेर येतात आणि पडद्यावर एकच शिखर दिसतं. कोण किती आहे, काही पत्ता लागत नाही. म्हणून आमच्या डॉक्टरबाईंनी एक खास पॉलिमर तयार केला. डॉक्टरबाई म्हणजे गोळ्या देणाऱ्या नव्हेत, रसायनशास्त्रातल्या. त्यांच्या हाताखालीच भावोजी काम करतात.

हा पॉलिमर आला त्याच्या थोडं आधीच ताईला झटका आला होता आणि तिची उजवी बाजू गेली होती. बोलणंही गेलं. तिला भरवावं लागायचं. सकाळी आणि संध्याकाळी मी असायचे. दुपारी मला हलता यायचं नाही, कारण माल न्यायला गाडी नेमकी जेवणाच्या सुट्टीत येते. म्हणून दुपारी भावोजी घरी जायचे. घर जवळच, पण त्यांच्या चालीने जवळचं काहीच नसतं.

नव्या पॉलिमरचा लेप देण्याची रीत डॉक्टरबाईंनी भिंतीवर लिहून लावली होती. नळी धुऊन भट्टीत वाळवायची. पॉलिमर, त्याला काचेशी बांधून ठेवणारं रसायन आणि थेंबभर आम्ल असं ढवळून द्रावण करायचं आणि ताबडतोब नळीत भरायचं. 'ताबडतोब' हा शब्द लाल शाईने, कारण हे द्रावण ठेवून दिलं की थिजतं, आणि थिजलेलं नळीत गेलं तर नळी कायमची बुजली. ढवळण्याचं काम वाफ ओढून घेणाऱ्या ज्या पंख्याखाली करायचं तो फक्त दुपारपर्यंत मोकळा असे, नंतर दुसऱ्या विभागाचा ताबा.

आता गंमत अशी, की भावोजींनी लेप दिलेल्या कॉलममधून दोन शिखरं यायची, मधली दरी थेट जमिनीला टेकलेली. दुसऱ्या कुणाला ते जमेना. डॉक्टरबाईंनी चांगली शिकलेली माणसं त्यांच्याशेजारी उभी केली. ती डोळ्यांत तेल घालून बघायची, भावोजी त्यांना कागदावरचं सगळं दाखवायचे, मग म्हणायचे, "जा, जेवून या, मग भरू." जेवून आल्यावर भरताना बघायची. नंतर तीच माणसं स्वतः करायला बसली की पडद्यावर एकच जाडजूड शिखर. शेवटी डॉक्टरबाईंनी हात टेकले आणि मालकांना सांगितलं, यांचा हातच वेगळा आहे. तेव्हापासून लेपवाल्यांचा हात हे आमच्याकडे बोलण्यातलं झालं. कुणाची चहाची चव बिघडली तरी म्हणायचे, लेपवाल्यांना करू द्या.

मग ताई गेली. हे सांगताना मला अजून राग येतो. कुणावर, ते कळत नाही.

भावोजी थोड्याच दिवसांत कामावर आले आणि त्यांचा पहिलाच कॉलम फसला. एकच शिखर. दुसराही तसाच. शिखरसाहेबांना वाटलं यंत्र बिघडलं, म्हणून त्यांनी जुना एक कॉलम लावून पाहिला, तर दोन शिखरं अगदी ऐटीत उभी. म्हणजे यंत्र ठीक, कॉलमच वाईट. मग सुरू झाला शोध. नळ्यांची खेप बदलली. वायूची टाकी बदलली. वजनकाटा तपासून घेतला. आम्लाची नवी बाटली फोडली. भट्टीचं दार नीट लागत नाही अशी शंका कुणीतरी काढली आणि एक अख्खा दिवस त्या दाराच्या मागे गेला. भावोजींनी हात धुण्याचा साबणसुद्धा बदलला. शेवटी शेवटी तर जुना शर्ट घालून पाहिला. जो तो नवं कारण सांगायचा आणि पडद्यावर ते एकच शिखर ठाण मांडून बसलेलं असायचं.

मग लोकांनी कारणं शोधणं सोडलं आणि हळू आवाजात बोलायला लागले. "मन लागत नाही त्यांचं." "साहजिक आहे हो." मला हे ऐकून अस्सा संताप यायचा! मन काय नळीत भरतात? एकीला मी पॅकिंगच्या टेबलावरून तसं ऐकवलंही. पण खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. चहा पिताना मी चोरून त्यांच्या हातांकडे बघायचे. हात तर स्थिर होते. मग वाटायचं, स्थिर दिसतात, पण आतून काही निसटलं असेल तर ते बाहेरून कसं दिसणार? आणि स्वतःलाच विचारायचे, आतून म्हणजे कुठून, वेडे?

सगळ्यांत जास्त गोंधळले होते ते स्वतः. एका रविवारी माझ्याकडे आले, खुर्चीत बसले, चष्मा पुसला.

"धाकटे, मी आता पूर्वीपेक्षा नीट काम करतो," ते म्हणाले. "घरी जायचं नाही, घाई नाही. डबा तिथेच खातो. कागदावर लिहिलंय तस्संच करतो, अक्षर न् अक्षर. मग बिघडतं कुठे?"

"मला काय विचारता? मी खोके चिकटवणारी बाई."

"तसं नाही. तुला काही दिसतं का? माझ्यात?"

मी म्हटलं, "जेवत नाही तुम्ही धड, एवढं दिसतं."

आमचे कॉलम घेणाऱ्या औषधवाल्यांनी खेप परत पाठवली. मालक वाईट माणूस नाही. त्यांनी भावोजींना केबिनमध्ये बोलावून खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं की हा कॉलम आपण या महिन्याअखेर बंद करू, तुम्ही पॅकिंगला या, मेव्हणी आहेच तिथे, सोबत होईल. मी आहे म्हणजे जणू त्यांना पाळणाघरात ठेवणार होते!

खोके चिकटवण्यात कमीपणा नाही. मी जन्मभर तेच केलंय. पण ताईनंतर भावोजींकडे ते वेटोळं तेवढं उरलं होतं. सकाळी उठून कुठेतरी जायचं, आणि तिथे आपल्यावाचून अडतं, एवढंच. तेही गेलं तर हा माणूस कशाला धरून राहणार, हे मला कळेना आणि भीती वाटायला लागली. ते मात्र शांतपणे म्हणाले, "माझा हात गेला, धाकटे." मी त्यांच्या अंगावर ओरडले, "हात कुठे जातो? खांद्याला चिकटलेलाच आहे ना?" आणि घरी येऊन दार लावून रडले.

त्याच महिन्यात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं होतं. पुढे ढकलायचं म्हटलं तर डॉक्टर ऐकेना. मी रजेवर, एका डोळ्यावर झाकण, आणि दिवसातून कितीदा तरी थेंब घालायचे. माझ्याच्याने ते होईना. थेंब डोळा सोडून सगळीकडे. मग दुपारचे थेंब घालायला भावोजी यायला लागले. एक बाटली, जरा थांबून दुसरी, मग तिसरी. मध्ये आम्ही जेवून घ्यायचो.

आणि त्या आठवड्यात कॉलम सुधारले.

शिखरसाहेब म्हणे खुर्ची पाडून धावत आले. दोन शिखरं! पूर्वीइतकी नाही, मधली दरी जमिनीच्या जरा वरच थांबत होती, पण दोन ती दोन. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन. मालकांनी सगळ्यांसमोर भावोजींचा हात हातात घेऊन हलवला. "हात परत आला! आता या कॉलमवर तुम्हीच, हवी तितकी वर्षं." पॅकिंगची बदली रद्द. सगळे खूश, आणि भावोजी माझ्यासमोर बसून आपल्या तळव्यांकडे बघतायत.

"आनंद झाला नाही का तुम्हाला?"

"का गेलं ते कळलं नाही. का आलं तेही कळत नाही. असं आलेलं उद्या परत जाईल की नाही?"

मी डोळा वर करून पडून राहिले. त्यांनी बाटली उघडली. गप्प बसवेना म्हणून मी उगाच बोलले, "रोज उठून इकडे येता, तिकडे तुमच्या कामाचं खोबरं होत असेल."

"नाही, द्रावण झाकून आलोय," ते म्हणाले. "नियमात बसत नाही, पण भरत बसलो तर इकडे उशीर होतो, आणि पंखा नंतर मिळत नाही ना. हिच्या वेळीही असंच झाकून..."

आणि थांबले. थेंब माझ्या डोळ्यात न पडता गालावर पडला. मी ओरडणार होते, पण एका डोळ्याने त्यांचा चेहरा पाहिला आणि ओरडले नाही.

तेव्हा मला सगळं कळलं. ताईला भरवायला जायच्या आधी ते द्रावण ढवळून, झाकून ठेवायचे. आल्यावर नळीत भरायचे. लाल शाईतला नियम रोज मोडायचे आणि त्याची त्यांना लाज वाटायची. म्हणून शिकायला आलेल्यांना ते कधी बोलले नाहीत, त्यांना खरी रीत शिकवली, कागदावरची; मधली जेवणाची सुट्टी त्यांनीही रीतीत धरली नाही. त्यांना वाटायचं, आपली एक चूक कॉलम बिचारे पोटात घालतात. ताई गेल्यावर चूक करायचं कारणच उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कुणाला न सांगता एकाच द्रावणातून दोन नळ्या भरल्या. एक ढवळल्या ढवळल्या, एक माझ्याकडून परत गेल्यावर. पहिलीतून एक शिखर, दुसरीतून दोन.

संध्याकाळी ते माझ्याकडे आले. "आता काय करू?"

मी विचारही केला नाही. "गप्प बसा. काहीही करू नका. मालक म्हणालेत ना, हवी तितकी वर्षं? इतके दिवस नियम मोडलात हे सांगितलंत तर औषधवाल्यांपर्यंत बोभाटा होईल. आणि एकदा रीत कळली की कुणीही शेंबडा उठेल आणि तो कॉलम बनवेल. मग तुमचं काय?"

"माझं काय," ते म्हणाले. चष्मा काढला, पुसलाच नाही, हातात धरून बसले. "लोक म्हणतात लेपवाल्यांचा हात. मी तर तिथे नसायचोच, धाकटे. जे व्हायचं ते मी घरी असताना व्हायचं. हिच्याजवळ असताना. आणि ते कुणालाच माहीत नाही."

"नसू दे माहीत!"

"मला ते बरं वाटत नाही."

मी खूप बोलले. त्यात काही वाईटही बोलले. ते ऐकून घेत होते आणि मला कळत होतं की हा माणूस उद्या जाऊन सांगणार. मला त्यांचा राग येत होता की अभिमान वाटत होता, ते मला धड सांगता येणार नाही. बहुतेक रागच.

त्यांनी सांगितलं. डॉक्टरबाई आधी भडकल्या. लाल शाईकडे बोट दाखवून म्हणाल्या, थिजलं असतं तर? मग खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, म्हणजे द्रावण मुरत होतं. तेवढ्या वेळात पॉलिमर जाळं धरत होता, थिजण्याच्या अलीकडे, आणि त्या जाळ्यातच तो दुसरा पदार्थ अडकत होता. "नेमका किती वेळ ठेवायचात?"

भावोजींनी चष्मा पुसला. "तिचं जेवण होईपर्यंत."

"कुणाचं?"

"बायकोचं. तिला भरवायला जायचो."

ताई आजारी होती हे डॉक्टरबाईंना माहीत होतं. भरवायला जायचे, हे नव्हतं. कारखान्यात माझ्याखेरीज कुणालाच नव्हतं. त्यांनी विचारलं, म्हणजे साधारण किती वेळ? भावोजींना सांगता येईना. त्यांनी कधी घड्याळ पाहिलं नव्हतं. वेगवेगळ्या वेळा करून बघण्याइतकी सवड औषधवाले देणार नव्हते, आणि थेंबांच्या दिवसांतली वेळ कमी पडत होती, हे त्या अर्ध्या दरीवरून दिसतच होतं. म्हणून डॉक्टरबाई म्हणाल्या, "आपण ती वेळ मोजू. तुम्ही जसं करायचात तसंच करा."

तर अशी ती वरात निघाली. पुढे भावोजी त्यांच्या चालीने, मागे हातात घड्याळ धरून डॉक्टरबाई, आणि ताईच्या घरी दार उघडून उभी मी. तिच्या पलंगावर उशांना टेकवून भावोजींनी मला बसवलं. मी म्हटलं, हा काय पोरखेळ, मी नाही बसणार. पण बसले. डॉक्टरबाई स्टुलावर, दाराशी. भावोजींनी सूप गरम केलं, वाटीत ओतलं, स्वतःच्या मनगटावर थेंब टाकून बघितलं आणि पहिला चमचा पुढे केला. मी लाजेने तो गपकन गिळला.

"सावकाश," ते म्हणाले. "ती घास तोंडात धरून ठेवायची. आधी डावीकडे घ्यायची."

मी डावीकडे घेतला. आणि मग भावोजी बोलायला लागले. मी उडालेच. हे मोजकं बोलणारे गृहस्थ! शिखरसाहेबांच्या टकलावर माशी कशी बसली, मालकांनी एक बूट काळा आणि एक तपकिरी घालून सभा कशी घेतली, डॉक्टरबाईंचा नवा पॉलिमर कसा नखरे करतो, आणि धाकटी आज पॅकिंगमध्ये कुणावर डाफरली. माझीच नक्कल माझ्यासमोर! प्रत्येक गोष्ट संपली की ते चमचा हातात धरून थांबायचे, आणि मला कळायचं की इथे ताई हसायची. बोलता येत नसलं तरी हसायची. आणि मी समजत होते त्या घरात शांतता आहे.

मी हसले. जमेल तसं, अर्ध्या तोंडाने. डोळ्यांच्या डॉक्टरने रडायला सक्त मनाई केली होती, त्यामुळे माझे फार हाल होत होते.

मध्येच मी चमच्यापासून मान फिरवली. ते मी मुद्दाम केलं नव्हतं, खरंच पोट भरलं होतं. भावोजी हलले नाहीत. चमचा तसाच धरून म्हणाले, "बरं, थांबू या. मला काही घाई नाही." आणि खिडकीबाहेर बघत बसले. डॉक्टरबाईंनी घड्याळाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. बऱ्याच वेळाने मी पुन्हा तोंड उघडलं.

शेवटचा चमचा झाला. वाटी त्यांनी खाली ठेवली. डॉक्टरबाईंचा अंगठा घड्याळाच्या खटक्यावर होता. त्यांनी घसा खाकरला आणि हळूच विचारलं, "झालं?"

"थांबा," भावोजी म्हणाले. "अजून हिचं तोंड पुसायचंय."